तीन आयांचा पिक्चर अन् आमच्या घरच्या दोघी

पिक्चर आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता. पत्रक मात्र छापून तयार होतं.

ऐंशीनंतरची गोष्ट. वर्ध्याच्या एका टॉकीजमध्ये विनोदी पिक्चर लागला होता. नवरदेवाला तीन आया: एक जन्म देणारी, एक पोसणारी, एक बापाने नंतर आणलेली. लग्नात भटजी म्हणतो, वरमाईने पुढे यावं, अन् तिघी उठतात. एवढी गोष्ट आम्हाला पोस्टर चिकटवणाऱ्याने सांगितली. संताप यायला तेवढी पुरली. बाईच्या हालांवर तिकीट लावून लोकांना हसवायचं, हे आमच्या महिला संघटनेला मान्य नव्हतं. मला आजही नाही.

पत्रक माझंच. वर 'आईची टिंगल बंद करा', खाली घरात दुसरी आणून बसवणाऱ्या पुरुषांचा समाचार, अन् शेवटी जाड टायपात एक ओळ: 'पहिली जिवंत असताना आणलेली दुसरी ही कायद्याने बायकोच नव्हे.'

आमच्या घरी दोघी होत्या. मोठ्या मायला मूल झालं नाही म्हणून बाबांनी लहान माय आणली. लहानीने मला जन्म दिला, मोठीने वाढवलं. हा दोघींवरही अन्याय आहे, हे मी जेवताना बरेचदा बजावलं होतं. दोघी शांतपणे ऐकून घेत, मग एक जण विचारी, भाकर वाढू काय. 'सवत' हा शब्द आमच्या घरात मीच आणला.

लेडीज शोच्या दिवशी मी टॉकीजच्या फाटकाशी पत्रकं वाटत होते. दोघी पिपरीहून पायी आल्या, ठेवणीतली लुगडी नेसून. मोठी माय म्हणाली, "काऊन उन्हात उभी राहून राह्यली? तिकीट नाई भेटलं काय?"

मी म्हटलं, बहिष्कार आहे. दोघींनी मान डोलावली अन् तिकिटाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. घरचं माणूस म्हणून वगळायचं नाही, हा संघटनेचा नियम. मी त्यांनाही पत्रक दिलं.

लहान मायला वाचता येत नव्हतं. छापलेलं मात्र ती सगळं खरं मानायची, मग ते तलाठ्याचं असो की बिस्किटाच्या पुड्यावरचं. मागे एकदा शेजारणीने तिला 'ठेवलेली' म्हटलं, तर ती बोचकं बांधून आष्टीला भावाकडे निघून गेली होती. मोठ्या मायने जाऊन तिला परत आणलं. तेव्हा तर ते नुसतं तोंडाने म्हटलेलं होतं.

"काय लिवलं हाये व बाई?" लहान माय मोठीला म्हणाली. "पोरीनं लिवलं म्हन्ते. वाच ना."

मोठी चार यत्ता शिकलेली. शब्दाखाली बोट ठेवून ती वाचत गेली. त्या जाड ओळीने बाबांच्या केसालाही धक्का लागत नव्हता, ते घरी पंख्याखाली झोपले होते. घर सोडून जायची वेळ आली असती तर लहान मायवरच. मोठीचं बोट ओळीवर थांबलं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"मायले हसू नोका, असं लिवलं हाये. मायले मान द्या."

"अन् थे जाड अक्षर?"

"थे छापखान्याचं नाव हाये, लहाने."

मग तिने पत्रकाचा शंकू वळला, त्यात फुटाणे घेतले, अन् दोघी आत गेल्या. मी बाहेर बहिष्कार चालवत राहिले. आतून हसण्याचे लोट येत होते. त्यातली दोन हसणी माझ्या ओळखीची होती.

पिक्चर सुटल्यावर लहान माय मोठीकडे बोट दाखवून मला म्हणाली, त्या तिघी उठल्या ना, तवा हे बाईबी खुर्चीवरून उठली, मागच्या बाया वरडल्या. मोठी म्हणाली, पाय आखडला होता.

ओळ कायद्याने बरोबर होती, मी तेव्हाही तेच म्हणत होते. दुसऱ्या छपाईच्या वेळी मी ती काढली अन् त्या जागी, तितक्याच जाड टायपात, छापखान्याचं नाव टाकलं. बैठकीत विचारणा झाली. मी सांगितलं, पत्रकावर छापखान्याचं नाव टाकावं लागतं, कायदा आहे.