कर्फ्यू सिस्टर आणि आमच्या दोघी

भेटीची वेळ संपली की सिस्टर प्रसूती वॉर्डाच्या दारात येऊन कमरेवर हात ठेवायच्या. एवढंच. डबा घेऊन आलेले काका, अंगारा घेऊन आलेल्या मावश्या, व्हिडिओ कॉल लावून बसलेले दीर, सगळे बघता बघता जिन्यावर. म्हणून त्यांचं नाव पडलं कर्फ्यू सिस्टर. ते त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

मी मात्र त्यांना मनातल्या मनात शिव्या घालायचो. चितेगावच्या कारखान्यातून पाळी संपवून धापा टाकत पोहोचावं, तर या दारात उभ्या! पण सोनोग्राफीत आमच्या जुळ्यांपैकी एकाचं काळीज थांबल्याचं कळलं, त्या दिवशी त्यांनीच मला हाक मारून आत घेतलं आणि शोभाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, कॉटशेजारी स्टूल दिलं. आठवा महिना होता. दुसरं बाळ ठीक आहे, त्याला अजून थोडे दिवस पोटात राहू द्या, असं डॉक्टरांनी समजावलं. म्हणजे एक गेलेलं आणि एक जिवंत, दोघांना घेऊन शोभानं वाट बघायची. “तिला धीर दे,” असं जो तो मला सांगत होता. सिस्टरनी विचारलं, “तुम्ही जेवले का? तुमचं बी लेकरू गेलं ना?” मी तिथंच ढसाढसा रडलो.

शोभा अन्नाला शिवत नव्हती. सिस्टर अजिंठ्याकडच्या, बोलणं रोखठोक. “एकासाठी रडायचं, दुसऱ्यासाठी जेवायचं. दोन्ही कामं एकाच तोंडानं व्हतात, बाई.” रोज सकाळी जिवंत बाळाचे ठोके तपासायच्या आधी त्या विचारायच्या, “आज ऐकणार का?” शोभानं मान हलवून नाही म्हटलं, की यंत्राचा आवाज बारीक करून स्वतः ऐकायच्या आणि “मजेत हाय” एवढं सांगून पुढच्या कॉटकडे जायच्या. एका सकाळी शोभाच म्हणाली, “वाढवा आवाज.” त्या दिवशी तिनं वरणभात खाल्ला.

“एक तरी आहे ना” हे वाक्य त्यांच्या वॉर्डात चालत नसे. माझ्या आत्यानं ते म्हटलं, तर सिस्टरनी विचारलं, “आत्याबाई, तुम्हाला लेकरं किती?”

“चार हायत.”

“त्यातलं कोणतं एक पुरलं असतं?”

आत्यानं पदर सावरला.

मुली झाल्या. एकच रडली. आत्या म्हणाली, “गेलेल्याचं तोंड आईला दावत नसत्यात. गुंडाळून द्या, पुरुषमाणसं नेतील.” आमच्याकडे रीतच तशी. मलाही तीच बरी वाटत होती, कारण चेहरा बघून शोभा कोसळेल अशी मला भीती होती. सिस्टर म्हणाल्या, “तुम्ही बी ठरवू नका, मी बी नाय. जिचं हाय तिला इचारू.”

“बघायचीय मला,” शोभा म्हणाली.

गेलेल्या बाळाची कातडी नाजूक असते, ओठ काळे पडतात, घाबरायचं नाही, हे सिस्टरनी आम्हाला आधी नीट सांगितलं. मग कोमट पाण्यात कापूस बुडवून हलक्या हातानं बाळाला पुसलं, टोपडं घातलं आणि दोघींना शोभाच्या दोन कुशींत ठेवलं.

शोभानं गेलेल्या लेकीचं टोपडं जरा वर सारून बघितलं. मग ती म्हणाली, “अहो, हिचं नाक तुमच्यावर गेलंय. बिचारी!” आणि रडता रडता हसायला लागली. मीही हसलो, आणि लगेच ओशाळलो. सिस्टर म्हणाल्या, “हसा की! हसण्यावर कर्फ्यू नाय.” छातीवरचं ओझं असं उतरलं की काय सांगू! त्या लेकीला मी स्वतःच्या हातांनी पुरायला नेलं, चेहरा न झाकता.

आम्ही तिचंही नाव ठेवलं; आज आमच्या घरात ते कुणी कुजबुजत घेत नाही.

गेल्या महिन्यात सिस्टर निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी निरोप द्यायला आम्ही पाच वर्षांच्या मिठूला घेऊन वॉर्डात गेलो. सिस्टरनी तिच्या हातावर लाडू ठेवला, मग आणखी एक. “हा तुझ्या बहिणीचा. तिच्या वाटचा तूच खायचा.”

मिठूनं दोन्ही फस्त केले, बोटं चाटली आणि विचारलं, “आम्ही तिघी असतो तर?”

सिस्टर एवढ्या मोठ्यानं हसल्या, की भेटीची वेळ संपून जिना उतरलेली माणसं काय झालं ते बघायला पुन्हा वर आली. त्या दिवशी त्यांनी कुणालाच हाकललं नाही.