भाऊ संशोधन सोडून आला तेव्हा

शेजारची मुलगी पीएचडीला लागली. पाया पडायला आली तेव्हा म्हणाली, "आजोबा, काय तरी सांगा." माझे शिक्षण चौथीपर्यंत, तेही धड नाही. पण आमच्या घरात एक पीएचडी झालेली आहे आणि तिची झळ मला लागलेली आहे. तेव्हा सांगण्याचा हक्क मला आहे.

माझा धाकटा भाऊ साठ सालाच्या आगेमागे मुंबईत संशोधन करत होता. रसायनाचा विषय, एवढेच मला ठाऊक. एकदा दिवाळी झाल्यावर तो न कळवता आगबोटीने आला. ट्रंक, वळकटी, सगळे घेऊन.

"दादा, मी ता सोडलंय," म्हणाला. "सर लिवलेला सगळा परत करतत. प्रयोग जमना नाय. माका आता हंयच रवाचा आसा."

"आधी जेव," मी म्हटले.

जेवताना तो आपला विषय सांगू लागला, पाण्यातून कुठला क्षार कसा वेगळा होतो, असे काहीतरी. मी म्हटले, नीज आता, सकाळी रापण आहे.

रापण म्हणजे समुद्रात गोल टाकलेले मोठे जाळे. दोन्ही टोकांच्या दोऱ्या धरून माणसे ते किनाऱ्याला ओढतात. लहानपणापासून भाऊ दोरीवर माझ्या मागे असायचा. त्या सकाळीही तो येऊन तिथेच उभा राहिला. त्याचा श्वास मानेला लागला आणि, खोटे कशाला सांगू, मला फार बरे वाटले. वाटले, राहू दे इथेच.

बांगडा चांगला मिळाला. वाटे पडू लागले. वाटेने जाणाऱ्या परक्याने दोरीला हात लावला तरी आम्ही त्याला ओंजळभर मासळी देतो, पण पुरा वाटा आपल्या माणसाला. तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, भावाचा पुरा वाटा घालायला लागला तसे मी म्हटले, "पावण्याक देतत तितक्याच तेका देवा."

एक म्हातारा हसला. "सख्ख्या भावाक पावणो करतस रे?"

"जेचा काम अर्ध्यार ऱ्हवला, तो हंय पावणोच."

भावाने ओंजळ पुढे केली, बांगडे घेतले, घरी वहिनीच्या हातात दिले. पुढच्या बोटीने गेला तो डॉक्टर होऊनच आला. नोकरी पार उत्तरेकडे लागली, संसारही तिकडेच झाला. सुटीत यायचा, रेतीत बूट घालून उभा राहायचा, दोरीला हात लावायचा नाही. मीही बोलावले नाही. मी चुकलो असे मी म्हणणार नाही. पण दोरी ओढताना मान उगाच मागे वळायची.

तर मुली, सर लिहिलेले परत करतात म्हणजे निदान वाचतात. पुन्हा लिही. जीव नकोसा झाला तर घरी ये, पोटभर जेव, पण सामान तिकडेच ठेवून ये. आणि आपला विषय घरच्यांना सांग. कळणार नाही, जांभया देतील, तरी सांग.

भावाला आता प्रवास झेपत नाही. फोनवर तब्येतीचे बोलतो आणि ठेवतो. मागे मी विचारले, "तुझो तो विषय काय होतो रे?"

म्हणाला, "दादा, ता आता माकाच आठवना नाय."

तुझे काम कशावर आहे ते अजून मी विचारलेले नाही. संध्याकाळी ये. मी ओटीवरच असतो.