रिकाम्या टाकीचं वजन

सरकीच्या ढेपेचा वास आला की मला अकोल्याच्या तेलगिरणीतली एक दुपार आठवते. तिथे मी वजन, दाब, तापमान दाखवणारी उपकरणं सांभाळायचे. जेवणाची सुट्टी संपत आली होती, यंत्रं बंद होती आणि छताचे पत्रे उन्हाने कडकडत होते. सरकीची मोठी टाकी सकाळीच रिकामी केली होती, तरी तिच्या वजनाचा आकडा एकसष्ट किलो दाखवत होता. "धुळीनं सरकला असंन, झिरो मारा न मॅडम," ऑपरेटरकाका म्हणाले, "मले मशीन चालू करू द्या." मी शून्य करायच्या बटणावर बोट ठेवलं, तेवढ्यात आकडा बासष्ट झाला, मग पुन्हा एकसष्ट, पुन्हा बासष्ट. धुळीने बिघडलेला आकडा एका जागी अडून बसतो; हा तर आत काहीतरी चुळबुळत असल्यासारखा हलत होता. मी बटणावरचं बोट मागे घेतलं. "काका, टाकीत कोणीतरी आहे." "कावून भेव दाखवता? सारे जेवून राहिले," ते म्हणाले, पण त्यांनी स्विचवरचा हात काढला. मी शिडी चढून झाकणातून टॉर्च मारला. तळाशी, सरकी ढकलणाऱ्या स्क्रूच्या पात्यांवर, टाकी झाडायला उतरलेला आमचा सफाईवाला उकाड्याने भोवळ येऊन पडला होता. दोर लावून त्याला बाहेर काढलं, तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडल्यावर तो म्हणाला, "लय हाका मारल्या मी. तुमी वरून 'आलो, थांब' म्हनलं, मंग गप पडलो." काकांनी माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांना एकही हाक ऐकू आली नव्हती, आणि तसं आमच्यापैकी कोणी म्हणालंही नव्हतं. इतकी वर्षं झाली, पण हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.