वेदीपुढची पऱ्हाटी

यंदा सोयाबीन पाण्यात काळं पडलं. आज सकाळी त्या कुबट वासानं आई आठवली.

जाफराबादजवळच्या आमच्या गावात हंगामाच्या सणाला प्रत्येक ख्रिस्ती घर आपलं पहिलं पीक चर्चमध्ये वेदीपुढं ठेवतं. मी शाळेत असताना एका वर्षी पाऊसच झाला नाही. बाकीच्या बायकांनी बाजारातून केळी, भोपळे आणले. आई मात्र डोक्यावर वाळलेल्या पऱ्हाटीची मोळी घेऊन आली. कपाशीच्या त्या काटक्यांना एकही बोंड नव्हतं. मला मान वर करवेना.

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "बाई, हे तर सरपण झालं."

"शेतात यंदा हेच आलंय, साहेब. मंग बाजारातलं कशाला दाखवू प्रभूला?"

तिनं मोळी केळ्यांशेजारी ठेवली आणि धूळभरल्या केसांनिशी उपकाराचं गीत एकटीनंच, खड्या आवाजात सुरू केलं.

तेव्हा मला वाटलं, आई देवाशी भांडायला आलीय. भांडलीच असेल. पण भांडायला गेली ती त्याच्याच दारात.

"मंग यंदा केळीच न्यायची का सणाला?" बायकोनं आज सोयाबीनकडं बघत विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो आणि काळ्या शेंगांची पाटी उचलली.