पायाळू चतुराबाईचं आभाळ

पडदा वर जातो, तेव्हा रंगमंचावर एकही माणूस नाही. आहे ते पाचोडच्या वेशीबाहेरचं एक माळवदाचं घर, माळवदावर खाटांवर वाळत घातलेल्या कुरडया, मागं मोसंबीचा मळा, मळ्याच्या कडेला मोकळं खळं, आणि वर वैशाखातलं आभाळ. इतकं कोरं, की त्याच्यावर विश्वास बसू नये. मराठवाडा निजामाच्या अमलातून सुटून पंचवीस-तीस वर्षं झाली होती. घरच्या धाकट्या लेकानं, काकासाहेबानं, शहरातल्या उस्मानपुऱ्यातून आणलेला ट्रान्झिस्टर कोनाड्यात बसला होता, आणि आता त्यातून आवाज येतो, "मराठवाड्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह वादळी पावसाची शक्यता आहे..."

आणि प्रवेश होतो चतुराबाईचा. उंच, काटक, कपाळ मोकळं, हाताला कुरडयांचा चीक लागलेला. ती या घरची थोरली सून. नवरा कडूबा तापानं गेला, मूलबाळ झालं नाही, आणि घराचा सगळा भार हिच्या खांद्यावर.

धाकटी सून साळूबाई उंबऱ्याशी लेकीला पाजत बसली होती. बातम्या संपल्या तशा घरातल्या सगळ्यांच्या नजरा चतुराबाईकडं वळल्या. साळूचीही वळली, आणि तिची तिलाच लाज वाटली.

"ऐकलंस ना, चतुरा?" सासू मनकर्णाबाई म्हणाल्या.

"ऐकलं की, आत्याबाई. लई गोड बोलतो मेला. आधी जेवू देता, का उपाशीच हाकलता?"

चतुराबाई पायाळू होती, म्हणजे आईच्या पोटातून पायाकडून जन्मलेली. आणि पायाळू माणसाला वीज हुडकत येते, ते जिथं असेल तिथं पडते, हे गावात लहान पोरालाही ठाऊक. पायाळूचा पाय पाठीला लागला की धरलेली कंबर सुटते, हेही तितकंच ठाऊक. त्यामुळं ऊन असलं की तिच्या दारात कण्हणाऱ्यांची रांग. गावावर ज्यांचा दरारा, ते तात्यासाहेबसुद्धा ओसरीवर पालथे पडून म्हणायचे, "हाण बाई, लाजू नको. गावाच्या लाथा खाऊनच कंबर गेली, एक तुझी औषधाला!" ती हलकेच पाय लावायची आणि लगेच वाकून त्यांच्या पाया पडायची. हेच तात्यासाहेब आभाळ भरलं की तिला पाहून रस्ता बदलायचे.

पूर्वी निदान ढग दिसेपर्यंत तिला घरात थारा होता. रेडिओ आला आणि तेवढंही गेलं; वादळाची बातमी आली की तिची रवानगी खळ्यावर. त्यात काकासाहेबानं, म्हणजे साळूच्या नवऱ्यानं, शोध लावला होता की वहिनी जवळून गेल्या की रेडिओची खरखर वाढते.

चतुराबाई जेवली, डोक्यावर पोतं घेतलं आणि निघाली. "कुरडया आवरा वेळेवर. ओल्या हायेत, मोडू नका," एवढंच बोलली.

दुपार कलली आणि उजेडाचा रंग बिघडला. तांबूस, मग हिरवट. बाभळीवरचे होले गप्प झाले. शेळ्या चरायच्या थांबल्या आणि साऱ्या खळ्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या. साळू लेकीला कडेवर घेऊन मागच्या खिडकीशी गेली. खळ्याच्या मधोमध चतुराबाई पोतं पांघरून बसली होती, आणि हात हलवून बोलत होती. मान डोलवत होती. समोर कुणी बसलं असावं, तसं. समोर कुणीच नव्हतं.

साळूनं लेकीला पदराआड घेतलं.

मग वारं सुटलं. कुरडया माळवदावरून उधळल्या आणि लिंबाएवढ्या गारा कोसळू लागल्या. मनकर्णाबाईंनी रीतीप्रमाणं विळा आणि पळी अंगणात भिरकावली. लोखंड पाहून गारा थांबतात म्हणे. थांबल्या नाहीत. खळ्यावरचं पोतं एका अंगाला कललं.

बाळंतपणात साळू तापानं फणफणली, तेव्हा याच बाईनं कापसाच्या वातीनं लेकराच्या तोंडात दूध सोडलं होतं. साळूनं लेकरू नवऱ्याच्या हातात कोंबलं, घमेलं डोक्यावर धरलं आणि धावली.

परतली ती चतुराबाईला ओढतच. पोतं तिकडंच राहिलं. चतुराबाईच्या भुवईतून रक्त ओघळत होतं.

"अगं, वैरीण हायेस का?" मनकर्णाबाई किंचाळल्या. "काकासाहेब, लेकरू घेऊन गोठ्यात चल!"

"लेकरू नाय जायचं," साळू म्हणाली आणि पोर हिसकावून घेतली. सासू आणि नवरा गारांतून गोठ्याकडं पळाले.

"साळू, येडी झालीस व्हय? सोड मला. पोर हाय घरात."

"मग पोरीलाच विचारा, तिला कुणाचे हात लागतात ते." साळूनं लेकरू तिच्या मांडीवर ठेवलं. चतुराबाईनं थोपटलं तसा पोरीचा डोळा लागला.

घर काळंठिक्कर झालं. कोनाड्यात रेडिओ चालूच होता. त्याची खरखर वाढत चालली.

"आक्का, खळ्यात कुणाशी बोलत होता?"

"तिच्याशीच. म्हणलं, येतीस तर नीट ये. मळ्याकडं जाऊ नको, मोसंबीला फळ धरलंय."

साळूला हसू फुटलं, आणि लेकराकडं नजर जाताच विरलं. लेकराचं जावळ हळूहळू उभं राहत होतं. चतुराबाईनं डोळे मिटले, एक हात उचलून खळ्याकडं दाखवला आणि पाहुण्याला जागा द्यावी तशा मऊ आवाजात म्हणाली, "तिथंच. तिथंच बस, माय."

घरभर पांढरं झालं. भिंती हादरल्या, माळवदाची माती झडली. रेडिओ गप्प झाला.

लेकरू झोपलेलंच होतं.

सर ओसरली तसे काकासाहेब आणि मनकर्णाबाई निथळत दारापाशी आले, आणि उंबऱ्याबाहेरच थांबले. काकासाहेब आत न बघता म्हणाला, "वहिनी, तुम्ही बाहेर या. म्हणजे आम्हाला आत येता येईल."

"आधी खळ्यावर जाऊन या," साळू म्हणाली.

तो गेला. पोतं पसरलं होतं त्या जागी आता काळंभोर वर्तुळ होतं, आणि पावसातही त्यातून धूर निघत होता. भोवती मोसंबीचं पानही करपलं नव्हतं. तो परत आला तेव्हा त्याच्या तोंडावर रंग नव्हता. आईला त्यानं काहीतरी पुटपुटून सांगितलं. दोघं उंबऱ्याबाहेर तशीच कुडकुडत उभी राहिली.

चतुराबाईनं झोपलेलं लेकरू खांद्यावर घेतलं. पायानंच दोन पाट चुलीजवळ सरकवले.

"या की आत, भावजी," ती म्हणाली. "ती येऊन गेली."