आईने चोरलेला श्वास

"गिलाँ-बारे सिंड्रोम," आईला तपासून डॉक्टर म्हणाले. बाबा मरोळच्या कारखान्यात पाळीवर होते, त्यामुळे ऐकायला मी एकटीच. नुकतीच बारावी झालेली.

ताप येऊन गेल्यावर कधीकधी शरीर आपल्याच मज्जातंतूंवर उलटतं. लुळेपणा पायांकडून वर चढत जातो. बहुतेक जण यातून उठतात, असं त्यांनी सांगितलं. "पण छातीपर्यंत पोचलं तर व्हेंटिलेटर लागेल. म्हणजे श्वास देणारं मशीन. आमच्याकडे एकच आहे, त्यावर पेशंट आहे."

"मग?"

"मग बघू."

आठवड्यापूर्वी घाटकोपरला, टेकडीवरच्या आमच्या चाळीच्या पायऱ्या चढताना आईच्या पायातली चप्पल सारखी निसटत होती आणि तिला पत्ताच नव्हता. आम्ही हसलो होतो. तुमच्या घरात असं झालं तर हसू नका, सरळ दवाखाना गाठा.

वॉर्डच्या सिस्टरने मला काम लावलं. दर दोन तासांनी आईने खोल श्वास घ्यायचा आणि त्या एकाच श्वासात जमतील तितके आकडे मोजायचे. मी ते लिहायचे. पंधराच्या खाली आलं की धावत येऊन सांगायचं.

वही माझ्याकडे होतीच. तिच्या मागच्या पानांवर मी नर्सिंगचे अभ्यासक्रम ताडून पाहत होते. एका रकान्यात विद्यापीठाची चार वर्षांची पदवी, दुसऱ्यात इस्पितळाच्या शाळेतला डिप्लोमा. पदवीखाली गुणच गुण. डिप्लोमाखाली मी ठसठशीत दोष लिहिला होता: 'पहिल्या वर्षापासून वॉर्डात राबवतात.' आईचंही तेच. "नर्सच व्हयचा तर डिग्रीची हो." पदवीच्या अर्जाची मुदत शुक्रवारी चारपर्यंत होती.

सोमवारी चोवीस. मंगळवारी एकवीस. बुधवारी अठरा. गुरुवारी मात्र दिवसभर एकोणीस. मी आनंदाने आकड्यांखाली रेघ मारली.

"माका बरा वाटता," आई म्हणाली. "उद्या जा नि फारम भरून ये."

शुक्रवारी सकाळी दाखले पिशवीत घालून मी निघालेच होते. तेवढ्यात सिस्टर फेरीवर आली. वहीत दिवसभर एकच आकडा पाहिला. तिने आईच्या छातीवर तळहात ठेवला. "मावशी, मोजा."

आईने नऊ म्हटलं आणि छातीबरोबर सिस्टरचा हात वर उचलला गेला. आई मधेच गुपचूप श्वास घेत होती. मी चार दिवस तिच्या उशाशी बसून आकडे ऐकत होते, आणि ती मला फसवत होती.

"आकडा काय ऐकतेस? छाती बघ ना!" सिस्टर ओरडली आणि डॉक्टरांना बोलवायला धावली.

आईच्या घशात नळी घातली. नळीला एक रबरी पिशवी, तिला अँब्यू बॅग म्हणतात. ती हाताने दाबली की छातीत हवा जाते. मशीन रिकामं नव्हतं. डॉक्टरांनी ती पिशवी माझ्या हातात दिली. "पाच सेकंदांनी एकदा. थांबायचं नाही."

मी दाबत राहिले. बोटं बधिर झाली. आई टक्क डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती आणि माझा हात थांबला तर ती मरणार होती. सिस्टर अधूनमधून मला सोडवायची, पण तिला पूर्ण वॉर्ड होता. चार कधी वाजून गेले ते मला कळलं नाही.

पाचनंतर मशीन मोकळं झालं. त्यावरचा माणूस गेला होता. चार दिवस त्याची बायको बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसायची, आपल्यातला अर्धा चहा मला द्यायची. तिचा हंबरडा ऐकू आला आणि माझ्या मनात पहिलं आलं ते 'सुटलो'. त्याची मला अजून लाज वाटते. तिला मी भेटायलाही गेले नाही.

आई एकोणीस दिवस मशीनवर होती. नळी निघाल्यावर मी तिच्यावर चिडले, रडले. "असं का केलंस गं?"

"नायतर तू फारम भरूक गेलंच नसतंस," ती कुजबुजली.

माझं वर्ष गेलं. आईला काठीशिवाय उभं राहायला तेवढंच लागलं. त्या वर्षात मी वहीतला तो दोष खोडून गुणांत लिहिला. पदवी वाईट असं मी म्हणत नाही. पण तुम्ही किंवा तुमची लेक अभ्यासक्रम निवडत असाल, तर माहितीपत्रकावर जाऊ नका. तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठा आणि विचारा, पेशंटला पहिल्यांदा हात कधी लावलात. त्या सिस्टरचं शिक्षण डिप्लोमाचं होतं. तिचा तो तळहात नसता, तर मी शुक्रवारी अर्जाच्या रांगेत उभी असते आणि आई इकडे गेली असती.

डिप्लोमाला प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं, त्या सकाळीही मी आईला रोजच्यासारखं मोजायला लावलं. तिच्या छातीवर हात ठेवून. ती एकतीसपर्यंत गेली. माझा हात तिथेच होता.

"काढ गो हात," ती म्हणाली. "ह्या खेपेक चोरूक नाय."