बाईचं पाणी

“पण बाई म्हणजे नेमकी कोण?” बॉसनी विचारलं. पेंटरला दुपारपर्यंत मजकूर हवा होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका जाहिरात एजन्सीत मी कॉपी लिहायचो. कॉपी म्हणजे जाहिरातीचा, बोर्डचा मजकूर. तेव्हा पर्यटनस्थळांच्या बोर्डांचं काम आलं होतं. जागेचं नाव कसं पडलं ते चार ओळींत सांगायचं. पेठ तालुक्याकडच्या डोंगरातल्या एका झऱ्याचं नाव होतं ‘बाईचं पाणी’.

मी तिथं जाऊन आलो होतो. दिवाळी होऊन गेलेली, पाडा रिकामा. सगळे द्राक्षबागांत मजुरीला गेलेले. मागे राहिलेली एक म्हातारी झऱ्यातला गाळ काढत होती.

“बाई? माझ्या सासूची सासू, जिवली,” ती म्हणाली. “गडी म्हणायचे, हितं पाणी नाय. तिनं एकटीनं खडक फोडला. म्हणून गाळ आमी काढतो, आन् पयला हंडा आमच्या घरचा. लिवशील ना, दादा?”

“लिहितो,” मी म्हणालो.

बॉसना हेच सांगितलं. ते हसले. “सासूची सासू बघायला पेट्रोल कोण जाळणार? नाशिकात बाई म्हटलं की सीता. टाका.”

“तसं तिथं कुणीच म्हणत नाही, सर.”

“बोर्ड लागला की म्हणतील.”

मी टाकलं. वनवासात सीतामाई इथं पाणी प्यायल्या. शेवटी ‘अशी आख्यायिका आहे’ जोडलं. आमच्या धंद्यात या तीन शब्दांवर काहीही खपतं. नोकरी जाईल अशी भीतीही नव्हती. वाद घालायचा कंटाळा आला, एवढंच.

निवृत्तीनंतर घरच्यांसोबत तिकडे गेलो. झऱ्यावर मंदिर, भोवती जाळी, गेटला कुलूप. माझाच बोर्ड, नव्या रंगात. बाहेरचा चहावाला त्या म्हातारीचा नातू निघाला.

“पाणी कुठून भरता?” मी विचारलं.

“खालच्या ओढ्यावरून. हे देवाचं पाणी, हंडा लावायचा नाय.”

“पण हे तुमच्या जिवलीचं ना?”

तो ओशाळला. “आजी म्हणायची तसं. मरेस्तोवर भांडली. आमीच गप करायचो तिला. बोर्डवर लिवलंय ना, काका. शिकलेला माणूस खोटं कशाला लिवल?”

मी चहाचे पैसे दिले आणि गाडीत जाऊन बसलो. तेव्हाही बोललो नाही.

आता लिहितो. तो झरा जिवलीचा आहे. सीतामाईंची गोष्ट मी द्वारकेच्या ऑफिसात, पंख्याखाली बसून रचली. या कामात नव्यानं येणाऱ्यांना एवढंच सांगेन : बोर्डला रंग पुन्हा पुन्हा लागतो, मजकूर कुणी तपासत नाही.